बॅटरीवरचं कुंकू

आबा, मी कोण ते आठवतंय का, की तेही विसरलात? विसरला असाल तर नवल नाही. जिवंतपणी ट्रॅक्टरची किल्ली कुठं ठेवली ते तुम्हाला कधी आठवलं नाही. सगळं घर उलटंपालटं व्हायचं आणि किल्ली तुमच्याच सदऱ्याच्या खिशात निघायची. मग एवढ्या वर्षांमागं घरातून गेलेली मुलगी तुम्हाला कुठल्या खिशात सापडणार? म्हणून आधी ओळख देते. मी तुमची थोरली. ॲसिडानं भोकं पडलेलं परकर-पोलकं घालून तुमच्यामागं फिरायची ती. हे लिहितेय ती माझी सून. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला सांगायला नको, ती व्यवस्था तुम्हीच केलीत. सून हिंजवडीला नोकरी करते. आपलं ज्वारीचं रान होतं तिथं आता काचेची इमारत आहे, तिच्या सहाव्या मजल्यावर बसते. मी तिला म्हटलं, तुझ्या खुर्चीच्या बरोबर खाली आमची विहीर होती, जपून बस.

परवा तुमचा ट्रॅक्टर सुरू झाला. तेवढंच सांगायचं होतं, पण तेवढंच सांगून भागणार नाही. त्या निमित्तानं जे कळलं ते पोटात ठेवून मी जगू शकते, इतकी वर्षं जगलेच की, पण ठेवायचं नाही असं ठरवलंय. सून विचारते, "आई, फार कडू नाही ना लिहायचं?" मी म्हटलं, "कारल्याची भाजी मी कधी साखर घालून केलीय का? सांगते तसं लिही."

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल पुण्याच्या पेठेत राहून ही नुसते टोमणे मारायला शिकली. मी नऊ-दहा वर्षांची असेन. धाकटा भाऊ अजून रांगतोय. तुम्ही ओसरीवर पोतं अंथरलंय, त्यावर ट्रॅक्टरची बॅटरी काढून ठेवलीय आणि मला समोर बसवलंय. बॅटरीच्या डोक्यावर शिशाचे दोन खुंट. तुम्ही माझं बोट धरून आधी एकावर ठेवता, मग दुसऱ्यावर. "ह्यो जाड हाय का बारीक?" मी सांगते, जाड. "जाड त्यो पलस. बारीक त्यो मायनस. डोळं झाकून वळकता आलं पायजे." खुंटाशेजारी कोरलेल्या खुणाही दाखवता, फुलीसारखी एक आणि आडवी रेघ एक. आयुष्यात मला तुम्ही शिकवलेली अक्षरं तेवढीच, आबा. बाकीची धाकट्यासाठी राखून ठेवली होतीत. पण जी शिकवलीत ती नीट शिकवलीत हे मी नाकारत नाही. काढताना आधी मायनसची तार काढायची, लावताना ती सगळ्यात शेवटी लावायची. बुचं उघडून आतलं पाणी बघायचं, पत्रे उघडे पडले असतील तर बॅटरीचं पाणी घालायचं, विहिरीचं नाही. काचेच्या नळीत ते पाणी ओढून घ्यायचं. नळीत एक तरंगणारी कांडी होती, तिच्यावर रंगाचे पट्टे होते. हिरवा पट्टा वर राहिला तर बॅटरी भरलेली, पांढरा राहिला तर निम्मी आणि लाल राहिला तर मेलेली. "वाच," म्हणायचात तुम्ही, आणि मी रंग सांगायची. शाळेतल्या पोरीही काहीतरी वाचायच्या म्हणे. मला वाटायचं, आपणही वाचतोय.

माझ्या हातात आईच्या चांदीच्या पाटल्या होत्या. त्या एकदा तुम्ही पाहिल्यात आणि घाबरून माझं मनगट धरलंत. बॅटरीजवळ धातू नको, ठिणगी उडेल. आणि पुढच्या खेपेला बॅटरी चार्जिंगला टाकायला खडकीला गेलात तेव्हा बाजारातून माझ्यासाठी हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन आलात. धाकट्याला काही आणलं नव्हतंत. घरात फक्त मला. दुपारी बॅटरीचं काम संपलं की आईच्या ओट्यावरचा खायचा सोडा पाण्यात कालवून तुम्ही खुंटांवरची पांढरट बुरशी धुवायचात, फस्स करून फेस यायचा. आई आतून ओरडायची, "माझ्या भज्यांचा सोडा संपवला बघा या बयेनं आणि बापानं! आणि हात धुवा आधी, त्याच हातानं भाकरी मोडाल!" मग तुम्ही सोड्यानंच हात धुवायचात, चुलीशी बसायचात, टम्म फुगलेल्या भाकरीचा वरचा पापुद्रा काढून माझ्या हातावर ठेवायचात, वर लसणाची चटणी आणि तेल. खालची जाड भाकरी तुम्ही खायचात. हेही तुम्ही विसरला असाल. मी विसरले नाही, आणि हाच माझा सगळा घोटाळा आहे. नुसते वाईट असतात ना, त्या बापांना विसरता येतं.

खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांची पूजा व्हायची. विळे, कोयते, पाभर, आणि ट्रॅक्टर आला तेव्हापासून ट्रॅक्टरची. तुम्हीच काढलेली रीत होती ती, गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. बॅटरी चार्ज करून आणायची, पाटावर ठेवायची, जाड खुंटाला कुंकू लावायचं आणि बारीक खुंटाला बुक्का. लाल तो पलस, काळा तो मायनस. पूजाही होते आणि खूणही होते, मग तारा लावताना कुणाची चूक होत नाही. कुंकू-बुक्का लावायचा मान माझा. लग्न होऊन खडकीला यांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गेले तरी दर खंडेनवमीला तुम्ही मला आणायला यायचात. आमचे हे हसायचे, "तुझ्या वडिलांचा ट्रॅक्टर माझ्या बायकोच्या हाताशिवाय सुरू होत नाही की काय?" मला भारी वाटायचं.

मग हे गेले. कारखान्यातून काविळीनं घरी आले आणि उठलेच नाहीत. क्वार्टर सोडावं लागलं. पोराला घेऊन मी तुमच्याकडे आले. हिरव्या बांगड्या फोडल्या तेव्हा तुम्ही दारात पाठ करून उभे होतात. तुम्हाला वाईट वाटलं असेल. मी अजूनही तेच धरून चालते, कारण तुमचं तोंड मला दिसलं नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला मी नेहमीसारखी उठले. गाडा चालूच असतो ना माणसाचा, हात सवयीनं जातात. कुंकवाचा करंडा आणि बुक्क्याची पुडी घेऊन ओसरीवर आले. बॅटरी पाटावर होती, खडकीहून आदल्या दिवशीच भरून आणलेली. तुम्ही उठलात, माझ्या हातातून करंडा घेतलात आणि धाकट्याच्या बायकोकडे दिलात. तिचं नुकतंच लग्न झालं होतं, हळद उतरली नव्हती. मला म्हणालात, "तू जरा सर बाजूला." ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. रस्त्यात बसलेल्या कोंबडीला सरकवतात तशा सुरात म्हणालात. मी सरले. बुक्क्याची पुडी माझ्याच मुठीत राहिली, ती कुणी मागितली नाही. त्या पोरीला काय ठाऊक आपल्या घरची रीत? तिनं स्टिअरिंगला कुंकू लावलं, चाकांना लावलं आणि मोठ्या भक्तीनं बॅटरीच्या दोन्ही खुंटांना लावलं. सणाच्या दिवशी काळं कोण लावेल? मी खांबाआडून म्हटलं, "वहिनी, दुसऱ्याला बुक्का." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पुन्हा खांबाआड झाले.

मग धाकटा तारा लावायला गेला. लहानपणापासून त्याला एकच ठाऊक, लाल खुंटाला स्टार्टरची तार. आता दोन्ही लाल. जाड-बारीक बघायची त्याला सवय नव्हती, तो अभ्यास माझा होता. चिमटे झिजून सैल झालेले, तुम्हीच आत पत्र्याच्या चकत्या घातलेल्या, त्यामुळे कुठलाही चिमटा कुठल्याही खुंटावर बसायचा. बसला. ठिणग्यांचा फुलबाजा उडाला, तारांवरचं रबर वितळलं, डायनामो जळल्याचा घाण वास अंगणभर पसरला. गल्लीतली माणसं गोळा झाली.

तुम्ही बॅटरीकडे पाहिलंच नाहीत, आबा. माझ्याकडे पाहिलंत. "हिचा हात लागला व्हता का?" मी म्हटलं, "आबा, दोन्ही खुंटांना कुंकू आहे, बघा तरी एकदा." तुम्ही गावासमोर म्हणालात, "तोंड बंद ठेव. जाशील तिथं जाळतीस. तिकडं नवरा खाल्लास, हितं हे."

सून लिहायची थांबली आहे. लिही गं, मी काही रडत नाहीये. रडायचं ते मी नारायण पेठेत लोकांच्या पोळ्या लाटताना उरकून घेतलंय. कांदा चिरत असलं की कुणी कारण विचारत नाही.

दिवाळीच्या आत मी पोराला घेऊन निघाले. तुम्ही अडवलं नाहीत. पेठेत एका बाईंच्या माडीवरची खोली मिळाली आणि पाच घरचा स्वयंपाक. तिथं माझ्या बोलण्यातलं 'हाय' गेलं आणि 'आहे' आलं, आणि पेठेतला तो सुकलेला टोमणाही आला, जो आता तुम्हाला ऐकावा लागतोय. पोराला शिकवलं. मधल्या वर्षांत एकदाही तुम्ही आला नाहीत. मंडईत गूळ विकायला यायचात म्हणे, मंडईपासून माझी खोली हाकेच्या अंतरावर. आणि मी, आबा, इतकी वर्षं अर्धी तुम्हाला शिव्या देत होते आणि अर्धी तुमचं खरं मानत होते. पोराला ताप आला की वाटायचं, माझ्यामुळंच. गॅसचा भडका उडाला की वाटायचं, जाशील तिथं जाळतीस. तुमचं वाक्य मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा म्हटलंय. तुम्ही गेलात तेव्हा मी आले, लांबून पाहिलं आणि परत आले. तुमच्या तोंडून ते वाक्य परत घेतलं जायचं राहून गेलं असं मला वाटलं. तुम्हाला खरं काय ते कळलंच नसणार, असंही वाटलं. अडाणी माणूस, त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. त्यावर मी तुम्हाला थोडी माफीही देऊन टाकली होती. ती आता परत घेते.

परवाचं असं झालं. धाकट्याच्या नातीचं लग्न ठरलंय. पोरीच्या डोक्यात आलं, आपण मांडवात पणजोबांच्या ट्रॅक्टरवरून एंट्री घ्यायची. आता तोच शब्द आहे, एंट्री. ट्रॅक्टर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे, दोन उंच इमारतींच्या मध्ये, शेवग्याच्या झाडाखाली, तेवढीच आपली जागा उरलीय. तो बरीच वर्षं बंदच. धाकट्यानं फोन केला, "आक्का, ये. आबांचा ट्रॅक्टर सुरू करायचाय. पोरगी म्हणते पुण्याच्या आज्जीला बोलवा." पोरगी म्हणते! तो नाही म्हणत. सुनेनं सुट्टी घेतली, आम्ही गेलो. कंपन्यांच्या बसमागं अडकलो, पोचायला दुपार झाली.

मेकॅनिक अमरावतीकडचा होता, गोड बोलणारा. त्यानं जुनी बॅटरी आधीच काढून चार्जिंगला लावून पाहिली होती. मला म्हणाला, "काही राम नाही राहिला न आजी हिच्यात. मीटर लावलं तर वरून चांगली दाखवते, सेल मारला का लगेच बसते. उपाशी ठेवली न इतके वर्ष, आतून पांढरी पडली." मी म्हटलं, "बाबा, असतात अशी. वरून चांगली दाखवतात." धाकट्यानं खाली पाहिलं. नवी बॅटरी मेकॅनिकनं जुनीच्या मापाची, खुंट त्याच बाजूला असलेली, बरोबर बघून आणली होती. उलट्या बाजूची आणली तर तार पोचत नाही, हे तुम्हीच सांगायचात. तारांची टोकं आणि बॅटरीचा लोखंडी ट्रे काळ्या वंगणानं इतके बरबटले होते की काहीच ओळखू येईना. मेकॅनिक म्हणाला, "खायचा सोडा देता काय थोडा?" भावजय आतून घेऊन आली. फस्स करून फेस आला. तो आवाज ऐकला आणि मला एकदम चुलीचा धूर आल्यासारखं झालं.

फेस खाली गेला आणि चिंधीनं पुसता पुसता तो म्हणाला, "अरे वा. कोणी रंग मारून ठेवला न इथं."

मी वाकले. स्टार्टरच्या तारेच्या टोकाला लाल रंग. ट्रेच्या त्याच बाजूला लोखंडावर रुपयाएवढा लाल ठिपका. दुसऱ्या बाजूला डांबराचा काळा. लाल साधा नव्हता. बैलांच्या शिंगांना लावायचा हिंगूळ होता, तेलात कालवलेला, घरात फक्त तुम्ही कालवायचात तसा, काठाला तपकिरी. इतक्या वर्षांच्या वंगणाखाली ताजा राहिला होता.

मी भावजयीकडे पाहिलं. ती आता माझ्यासारखीच म्हातारी, फक्त कपाळ भरलेलं. मी विचारलं, "हे कधी रंगवलं आबांनी?"

धाकटा म्हणाला, "आक्का, कशाला आता? घरात कार्य आहे."

"तुला नाही विचारलं."

भावजय सोड्याचा डबा हातात धरून उभी होती. म्हणाली, "दुसऱ्या दिवशी. त्या खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशीच. तुम्ही मागं धुणं धूत होता. मामंजींनी मला बोलावलं, बॅटरी दाखवली. म्हणाले, पोरी, दोन्हीला कुंकू लावलंस म्हणून झालं. पुन्हा असं नको. मग हिंगूळ काढला, म्हणाले, आता कुंकवावर भरवसाच नको ठेवायला. आणि म्हणाले, ह्यातलं घराबाहेर बोलायचं न्हाय. गावासमोर बोलून बसलोय."

"घराबाहेर," मी म्हटलं. "मी तर घरातच होते."

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मी नवी होते, वन्सं. मला भीती वाटली. नंतर वाटलं, आता सांगून काय."

तर असं आहे, आबा. मला वाटत होतं तुम्हाला कळलं नाही. तुम्हाला एका रात्रीत कळलं होतं. बसून, डोळ्यांनी बघून, चूक शोधून, रंग कालवून, पुन्हा होणार नाही याची तजवीज करून मोकळे झालात. ट्रॅक्टरची समजूत काढलीत. मी मागं हौदावर तुमचंच धोतर धूत होते, तिथवर चार पावलं आला नाहीत. गावासमोर बोललात ते गावासमोर परत घ्यायचं नव्हतं ना, नका घेऊ. मला एकटीला सांगायचं होतंत. हळू आवाजात. मी कुणाला सांगितलं नसतं, शपथ. फक्त पोराला ताप आला तेव्हा नुसता ताप आला असता.

काढताना आधी मायनस काढायचं, तुमचाच नियम. तारेसाठी केलेला तो नियम तुम्ही माझ्यावरही इतका नीट पाळलात, घरातली मायनस मीच होते.

मेकॅनिकनं बॅटरी ट्रेवर ठेवली आणि पोरगी करंडा घेऊन आली. तिला यातलं काही ठाऊक नाही. सरळ माझ्यापुढं धरला. "आज्जी, तूच लाव ना. आबापणजोबांनी तुला शिकवलंय म्हणे." धाकटा पुढं आला, "आक्का, तू नुसती उभी राहा, तुझा आशीर्वाद... ही लावेल." आणि बायकोकडे बोट दाखवलं. तोच सूर, आबा. कोंबडी सरकवायचा. तुमचा ट्रॅक्टर राहिला, रान गेलं, आणि हा सूर मात्र जसाच्या तसा वारशानं त्याला मिळालाय.

मी सरले नाही. भावजयच म्हणाली, नवऱ्याकडे न बघता, "त्यांनाच लावू द्या. माझ्या हातानं एकदा लावून बघितलंय." मी करंडा घेतला. बोट कुंकवात बुडवलं, आधी खुंट चाचपला, जाड. मग लावलं. बुक्का कुणाकडे नव्हता. तारेचं काळं वंगण बोटाला लागलेलंच होतं, तेच बारीक खुंटाला लावलं. मेकॅनिकनं आधी लाल तार आवळली, शेवटी काळी. पोरगी सीटवर चढली, किल्ली फिरवून सेल मारला. एकदा घुरघुरला. दुसऱ्यांदा काळा धूर टाकला आणि लागला. इमारतींच्या बाल्कन्यांतून लोक खाली बघायला लागले. काही जळलं नाही, आबा. मी तिथं उभी होते, माझा हात लागला होता, आणि काही जळलं नाही.

सून विचारते, हे कुठं पाठवायचं, पत्ता काय घालू. मी म्हटलं, कुठं नाही. घडी कर आणि सोड्याच्या डब्यात ठेव, हाताला लागेल तेव्हा लागेल. पाठवलं तर तुम्ही म्हणाल मी तुम्हाला माफ करायला पत्र घातलंय, आणि तसं मुळीच नाही. एक गोष्ट मात्र सुनेनं ऐकलीय, तेव्हा लपवता येणार नाही. ट्रॅक्टर लागला ना, तेव्हा मी ओरडले. लहानपणी ओरडायची तशीच, सगळ्यांसमोर, तोंडातून आपोआप गेलं, "आबा, लागला!" जीभ चावली, पण तोवर गेलं होतं.

ऐकू आलं असेल तर उगाच आशीर्वाद वगैरे धाडू नका. पाठवायचंच असेल तर एक ज्वारीची भाकरी पाठवा, खालची नको, वरचा पापुद्रा, त्यावर लसणाची चटणी आणि तेल जरा सढळ. आणि मोडण्याआधी हात सोड्यानं धुवा.